सावत्र शब्द

खोपोलीला एका लग्नात मी जेवायला बसले होते. शेजारी आमच्या कॉलेजातले जुने हेडक्लार्क येऊन बसले. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या आणि मठ्ठ्याचा घोट घेत ते म्हणाले, "घारे मॅडम गेल्या, कळलं ना तुम्हाला?"

"कुठं गेल्या?" मी विचारलं. मला खरंच वाटलं, गावाला कुठं गेल्या असतील.

ते माझ्याकडे बघतच राहिले. "अहो, गेल्या म्हणजे गेल्या. दिवाळीतच. कडावला, घरीच. झोपेत गेल्या म्हणतात." आणि त्यांनी वाढप्याला हाक मारून जिलबी मागून घेतली.

माझा घास हातातच राहिला. दिवाळीत गेल्या आणि आता शिमगा उलटून गेला होता. इतक्या दिवसांत एका मेल्याला मला कळवावंसं वाटलं नाही? कळवणार तरी कोण म्हणा. कॉलेजात त्यांचा फोटो नाही, पाटीवर नाव नाही, निरोप समारंभ झालेला नाही. जी बाई नोकरीत कायम नव्हतीच तिचा निरोप समारंभ कसा करणार? मी तशीच उठले, हात धुतले आणि आहेराचं पाकीट तिथल्या कुणाच्या तरी हातात कोंबून घरी आले. घरी येऊन मनसोक्त रडले. तेव्हापासून त्यांच्याबद्दल कुणाला तरी सांगावं असं सारखं वाटतंय.

मी कर्जतच्या कॉलेजात ग्रंथपाल होते. मुलं मला लायब्ररीबाई म्हणायची आणि पाठीमागं काय म्हणायची तेही मला ठाऊक आहे, कारण माझं तोंड फटकळ. घारे मॅडम मराठी शिकवायच्या. लीला घारे. कडावच्या भातशेती करणाऱ्या घरातल्या, एम. ए. झालेल्या. लग्न केलेलं नव्हतं. का नाही, ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. घरी थोरला भाऊ, वहिनी, म्हशी, गोठा. कॉलेजातली त्यांची नेमणूक तात्पुरती. जूनमध्ये मिळायची, एप्रिलमध्ये संपायची, पुन्हा जूनमध्ये मिळायची. अशी वर्षामागून वर्षं गेली. दर मे महिन्यात त्या शेतावर भाताच्या रोपांसाठी पालापाचोळ्याचा राब भाजायच्या आणि जूनमध्ये साडी बदलून वर्गावर यायच्या.

भावाचा टेंपो सकाळी कर्जतला दूध घालायला यायचा. त्यातच, कॅनांच्या शेजारी बसून मॅडम यायच्या. पहिल्या तासाला त्यांच्या अंगाला दुधाचा वास यायचा. पोरांनी नाव पाडलं, 'दूधवाल्या मॅडम'. मी चिडले. म्हटलं, नाव कळू दे कोणी पाडलं ते, लायब्ररीचं कार्डच जप्त करते. तर मॅडम हसायला लागल्या. "असू दे हो बाई. पाणीवाल्या नाय म्हणत ना? मग झालं."

बोलता बोलता खडू कानावर अडकवायची त्यांना सवय होती. सुतार पेन्सिल अडकवतो तसा. मग खडू हरवला म्हणून सगळ्या वर्गाला शोधायला लावायच्या. पोरं पण एकेक बेरकी! बाकाखाली वाकून वाकून शोधायची आणि कुणी सांगायचं नाही. कितीदा तरी त्या तसाच कानावर खडू घेऊन बाजारपेठेतून भाजी आणायला गेल्या आहेत.

मंजुळा पारधी म्हणून एक मुलगी पहिल्या वर्षाला आली. कोंडाण्याच्या वर डोंगरात एक वाडी आहे, तिथली. वाडीतून कॉलेजात आलेली पहिलीच. अंगानं किडमिडी, डोळे मात्र सगळं टिपणारे. पण वर्गात एकदा तिनं तोंड उघडलं आणि तिच्या वाडीच्या बोलीला सगळा वर्ग फिदीफिदी हसला. त्यानंतर ती बोलेनाशी झाली. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायची.

घारे मॅडमनी काय करावं? दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सगळा तास आपल्या कडावच्या बोलीत घ्यायला सुरुवात केली. "आमी काल कुटपर्यंत आलो व्हतो रं?" असं वर्गात विचारायच्या. संतांचा अभंग असो की नवकविता असो, सगळं हाय आणि नाय. पोरं पोट धरधरून हसली. मॅडम थांबायच्या, हसू द्यायच्या आणि पुढं सुरू. "हसून घ्या एकदाचे. हसू संपलं की शिकवते." आठवडाभर हे चाललं. मग पोरांना हसायचा कंटाळा आला. त्याच आठवड्याच्या अखेरीला मंजुळानं हजेरीला "हाय मॅडम" म्हटलं आणि कुणी मान वर करूनही बघितलं नाही.

हे प्राचार्यांच्या कानावर गेलं. आमचे प्राचार्य मनानं वाईट नव्हते पण नियमाचा माणूस. त्यांनी मॅडमना बोलावून घेतलं. मी पुस्तकांच्या बिलावर सही घ्यायला तिथंच उभी होते.

"मराठीच्या प्राध्यापिकेनं वर्गात 'नाय' म्हणावं? अहो, निदान 'नाही' म्हणा."

"सर, नाही म्हटलं की पोरं ऐकत नाहीत," मॅडम अगदी गरीब चेहऱ्यानं म्हणाल्या. "नाय म्हटलं की ऐकतात."

प्राचार्यांना हसू आवरेना. त्यांनी बिलावर नको तिथं सही केली आणि मला दुसरं बिल करायला लागलं.

मंजुळा पुढं बी. ए. झाली. मॅडमनी तिला बाहेर वसतिगृहात ठेवून एम. ए.ला घातलं. सुटीत आली की ती आधी लायब्ररीत यायची, मग वाडीवर जायची. मॅडम तिला 'आपली मंजू' म्हणायच्या. त्यातलं 'आपली' हे मला धरून असायचं, म्हणून मला ते फार आवडायचं.

मग ऐंशीचं दशक सरता सरता तो नवा नियम आला. कॉलेजात कायम शिकवायचं तर देशभराची एक पात्रता परीक्षा पास व्हायला हवी. नुसतं एम. ए. चालणार नाही. मराठीचे पेपर मराठीतच होते, त्याची मॅडमना काही धास्ती नव्हती. पण पहिला पेपर सगळ्यांना सारखा. शिकवण्याची हातोटी आहे का, संशोधनाची समज आहे का, हे तपासणारा. प्रत्येक प्रश्नाला चार उत्तरं, त्यातलं एक निवडायचं. आणि हा पेपर इंग्रजीत आणि हिंदीत. मराठीत नाहीच.

"हिंदी काय, आपलीच की," मॅडम म्हणाल्या. "इंग्रजी वाचायला वेळ जातो. मी आपली हिंदी वाचणार."

मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. हिंदी आपल्याला येते असं कर्जतमध्ये कुणाला वाटत नाही?

कायम नेमणूक म्हणजे त्यांना काय होतं हे मला ठाऊक होतं. पगाराचं त्या कधी बोलल्या नाहीत. घरात भाऊ म्हणायचा, "कशाला ती पायपीट, गोठा बघ, दूध बघ, मानानं राहा." भाऊ काही वाईट नव्हता, त्याच्या परीनं मायेनंच म्हणायचा. मॅडम मला म्हणाल्या, "बाई, दर उन्हाळ्यात मी नुसती कुनाची तरी बहीन असते. जून आला की पुन्हा मी होते. एकदा कायम झाले की हा उन्हाळा सुटंल माझा." त्या मनातलं बोलायला लागल्या की अशा कडावच्या व्हायच्या.

पहिल्या खेपेची परीक्षा देऊन आल्या त्या हसत हसतच. टेंपोतून उतरल्या त्या तडक लायब्ररीत. "सोप्पा गेला हो बाई पेपर! काय काय प्रश्न विचारतात! एक तर असा वेड्यासारखा होता..." आणि त्यांनी प्रश्न पाठ म्हणून दाखवला, "शोधार्थी को अपनी परिकल्पना में संशोधन कब करना चाहिए? आता सांगा, कल्पनेत कुनी संशोधन करतं का? मी ठोकून दिलं, कभी नहीं!"

मी पण हसले. मग मनात काहीतरी टोचलं म्हणून कपाटातून हिंदीचा शब्दकोश काढला. हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती. आपल्या संशोधनाला ते म्हणतात शोध. आणि परिकल्पना म्हणजे संशोधक आधी मनाशी बांधतो तो अंदाज. प्रश्न होता, संशोधकानं आपल्या अंदाजात दुरुस्ती कधी करावी? आणि आमच्या बाईंनी उत्तर दिलं होतं, कधीच नाही!

मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी शब्दकोश माझ्या हातातून घेतला आणि एकेक प्रश्न आठवून शब्द बघायला लागल्या. छात्र की आपत्ति पर शिक्षक क्या करे, असा एक प्रश्न होता. त्यांनी वाचलं, पोरावर आपत्ती आली तर शिक्षकानं काय करावं. एक उत्तर होतं शांतपणे ऐकून घ्यावं, दुसरं होतं ताबडतोब प्राचार्यांकडे न्यावं. "पोरावर आपत्ती आली तर ऐकत काय बसायचं? धावायला नको?" म्हणून त्यांनी प्राचार्य निवडले होते. हिंदीत आपत्ती म्हणजे हरकत. पोरानं हरकत घेतली की आमच्या मॅडम त्याला उचलून प्राचार्यांकडे नेणार होत्या! चेष्टा म्हणजे तिथं प्रयत्न निघाला. शिक्षा म्हणजे शिक्षण हे तर त्यांना ठाऊकच होतं, पण घाईत तेही एका ठिकाणी निसटलं होतं.

शब्दकोश मिटून त्यांनी माझ्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, "सावत्र शब्द आहेत हे, बाई. तोंडावळा अगदी आपल्या घरचा आणि वागणं परक्याचं." आणि हसल्या. पण ते हसू मला बघवलं नाही.

नापास झाल्या. तसा निकाल आला तेव्हा त्यांनी पदरानं फळा पुसावा तसं ते पुसून टाकलं आणि पुढच्या खेपेच्या तयारीला लागल्या. मंजुळा तोवर एम. ए. होऊन आली होती, तीही बसणार होती. दोघी दुपारी तास संपले की लायब्ररीच्या खिडकीशी बसायच्या. मॅडम तिला सावत्र शब्द शिकवायच्या. अशा काही झकास शिकवायच्या की मीच रजिस्टर बाजूला ठेवून ऐकत बसायची. एकेका शब्दाचं माहेर कुठलं, सासर कुठलं, तिकडं गेल्यावर तो कसा बिघडला, हे सगळं रंगवून सांगायच्या. मंजुळाला एकदा ऐकलं की बास.

सराव मात्र मंजुळा घ्यायची. ती प्रश्न वाचायची आणि मॅडमनी उत्तर सांगायचं. इथं सगळं घोडं अडायचं.

"वर्गात एक विद्यार्थी रोज झोपतो," मंजुळानं वाचलं. "शिक्षकानं काय करावं? अ, त्याला बाहेर काढावं. ब, त्याला प्रश्न विचारावा. क, दुर्लक्ष करावं. ड, पालकांना कळवावं."

"पोरगा कोन?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, पोरगा कोण ते दिलं नाही."

"मग उत्तर कसं सांगू? तो खालच्या आळीतला सदू असंल तर तो पहाटेपासून वीटभट्टीवर असतो, त्याला झोपू दे. आनि दुकानदाराचा पोरगा असंल तर त्याला फळ्याशी उभा कर. आधी पोरगा सांग."

"मॅडम, तिथं पोरगा नाय," मंजुळा अगदी काकुळतीला येऊन म्हणाली. "तिथं फक्त अ, ब, क, ड हाय."

मी हसत सुटले. मॅडम पण हसल्या. पण प्रत्येक प्रश्नाला त्यांचं हेच. चारही उत्तरं त्यांना थोडी थोडी बरोबर वाटायची आणि प्रत्येकात कुठला तरी पोरगा दिसायचा. मंजुळा घड्याळ दाखवायची. "मॅडम, वेळ संपली. अजून अर्धा पेपर बाकी हाय." मीसुद्धा ओरडले एकदा, "अहो मॅडम, पोरांची काळजी वर्गात करा ना! तिथं नुसतं टिक करून या!" त्या मान डोलवायच्या, आणि पुढच्या प्रश्नाला पुन्हा पोरगा विचारायच्या.

दोघींनी परीक्षा दिली. परत आल्यावर मॅडम थेट वर्गावर गेल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "सावत्र एक पन चुकवला नाय. पन पेपर पुरा झाला नाय हो माझा."

निकाल लागला त्या दिवशी मॅडम टेंपोतून उतरल्या त्या हातात डबा घेऊन. घरच्या दुधाचे पेढे. स्टाफरूममध्ये एकच गलका झाला. जो तो अभिनंदन करतोय, पेढा तोंडात टाकतोय. प्राचार्य आतून बाहेर आले, दोन्ही हात जोडून म्हणाले, "मॅडम, सुटलात एकदाच्या! अभिनंदन!"

"माझं नाय हो सर, मंजूचं," मॅडम म्हणाल्या. "आपली मंजू पास झाली."

"आणि तुम्ही?"

"माझं राहिलं." त्यांनी डबा पुढं केला. "घ्या ना, सर. वहिनीनं केलेत."

प्राचार्यांनी पेढा घेतला आणि हातातच धरून ठेवला. मॅडम डबा तसाच पुढं धरून उभ्या होत्या. मी डबा त्यांच्याकडून घेतला आणि उरलेले पेढे मीच वाटले. कुणाकुणाला दोनदोन दिले असतील, मला भान नव्हतं.

पुढं जे व्हायचं तेच झालं. मराठीची एकच जागा होती. ती कायमस्वरूपी भरायची जाहिरात निघाली. पात्रता परीक्षा पास झालेला उमेदवार मिळाला तर त्यालाच घ्यायचं, न मिळाला तरच जुन्या तात्पुरत्याला आणखी एक वर्ष. प्राचार्यांनी मॅडमना बोलावून हे सांगितलं तेव्हा ते त्यांच्या डोळ्याला डोळा देऊ शकत नव्हते. आणि आमच्या सगळ्या मुलखात मराठीत पास झालेली एकच व्यक्ती होती. मंजुळा.

मॅडमनी स्वतः तिचा अर्ज भरून घेतला. मुलाखतीचा दिवस ठरला. आणि मुलाखत दोन दिवसांवर आली तसा वाडीवरून निरोप आला की मंजुळाला ताप आहे, ती येत नाही.

"ताप बीप काय नाय," मॅडम म्हणाल्या. "चला बाई, कोंडाण्याला जाऊ."

माझे गुडघे तेव्हाही दुखायचे. पण मी निघाले. मनात, खरं सांगते, वेगळंच चाललं होतं. वाटत होतं, पोरगी नाही आली तर बरंच आहे की. ही बाई स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायला कशाला एवढा डोंगर चढतेय? ऊन मी म्हणत होतं, वाटेला करवंदाच्या जाळ्या नुसत्या काळ्या झाल्या होत्या, आणि मॅडम पदर खोचून भराभर पुढं. मी मागून धापा टाकत, त्यांना आणि त्या परीक्षेला शिव्या घालत.

मंजुळाची आई अंगणात मोहाच्या बिया फोडत होती. आम्हाला बघून उठली. "तुमी कशाला आल्या बाई एवढ्या उनाची? पोरगी नाय येत म्हनते. म्हनते, मॅडमच्या ताटातलं मला नाय जेवायचं."

मंजुळा दाराआड उभी होती. ताप नव्हताच. रडून रडून डोळे सुजले होते.

मॅडम ओट्यावर बसल्या, लोटाभर पाणी प्याल्या. मग म्हणाल्या, "ये, बाहेर ये. बस इथं."

ती आली पण बसली नाही. "मॅडम, मी दुसरीकडे बघंन. खाली पनवेलला, नाय तर ठाण्याला. तुमच्या खुर्चीवर मी नाय बसनार. मला तुमी शिकवलंत आनि मीच तुमाला..."

आणि मग घारे मॅडम ओरडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. "अगं येडे! तू नाय आलीस तर ती जागा माझी ऱ्हानार हाय का? आज नाय तर पुढच्या साली कुनी तरी पास होऊन येईल. कुठला कोन, तो ह्या पोरांना बघंल का? वाडीवरची पोरगी हजेरीला बोलंना तर तो तिची वाट बघंल का? मी जानारच हाय, मंजू! तू आलीस तरी जानार आनि नाय आलीस तरी जानार. मग माझ्या मागं तितं कोन उभं ऱ्हावं, एवढं तरी मला ठरवू दे की गं!"

मंजुळाची आई पदर तोंडाला लावून उभी होती. मी तर सरळ रडत होते. मंजुळा खाली बसली आणि तिनं मॅडमच्या मांडीत डोकं घातलं.

उतरताना तिघी होतो. मॅडम वाटभर तिला मुलाखतीचे प्रश्न विचारत होत्या, "आनि संशोधन कशात करनार म्हनून विचारलं तर? वाडीच्या बोलीवर, असं सांग. ठासून सांग." नदीशी आल्यावर मंजुळाला म्हणाल्या, "तू हो पुढं. बाईंचे गुडघे दुखतायत, आमी सावकाश येतो." ती वळणाआड गेली तशा मॅडम एका दगडावर बसल्या आणि हुंदके देऊन रडायला लागल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. ज्या बाईनं आत्ताच आपला जून दुसऱ्याला देऊन टाकलाय तिला काय सांगून धीर देतात ते मला ठाऊक नव्हतं. थोड्या वेळानं त्यांनी नदीत तोंड धुतलं आणि म्हणाल्या, "चला. पोरगी वाट बघत असंल."

मंजुळाची निवड झाली. मॅडमचं कॉलेज सुटलं.

त्यानंतर मी कडावला दोनदा गेले. दोन्ही वेळा वहिनीनं चहा केला, पाट दिला आणि सांगितलं, "त्या शेतावर गेल्यात." एकदा तर गोठ्याच्या दाराशी त्यांच्या चपला मला दिसल्या. मी चहा पिऊन गुपचूप उठले. त्यांना कुणी भेटायला नको असेल तर नको. मला राग नाही आला. वाईट मात्र फार वाटलं, अजून वाटतं.

म्हणून मला आठवतात त्या शेवटच्या घारे मॅडम म्हणजे मंजुळा रुजू झाली त्या जुलैतल्या. ऑफिसात अनुभवाचा दाखला न्यायला आल्या होत्या. पाऊस लागून राहिला होता. दाखला घेऊन त्या व्हरांड्यातून निघाल्या आणि मी त्यांना सोडायला म्हणून बरोबर निघाले. दुसऱ्या वर्षाच्या वर्गात मंजुळाचा तास चालला होता. मॅडम दाराशी थांबल्या. मला वाटलं, लांबून बघतील आणि जातील.

"आत येऊ का, मॅडम?" त्यांनी विचारलं.

मंजुळा खाडकन वळली. वर्ग उभा राहिला. ही सगळी मॅडमचीच पोरं, मागच्या वर्षी त्यांच्याकडे शिकलेली. मंजुळा हातात खडू धरून तशीच उभी.

"अगं, तुला विचारतेय. मागं बसते जरा. ऐकते."

"या," मंजुळा कशीबशी म्हणाली.

मॅडम गेल्या आणि शेवटच्या बाकावर एका मुलीशेजारी बसल्या. ओली पिशवी पायाशी ठेवली. मी दाराबाहेर भिंतीला टेकून उभी राहिले. मंजुळाचा आवाज आधी कापत होता, मग सावरला. चांगलं शिकवत होती पोरगी. फार चांगलं. मधेच एकदा तिच्या तोंडून 'नाय' निघालं आणि कुणी हसलं नाही. मॅडम हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होत्या, एकदाही इकडंतिकडं न बघता.

तासाची घंटा झाली. मंजुळा जागची हलली नाही. मॅडमना आधी जाऊ द्यायचं म्हणून ती वाट बघत होती. मॅडमही बसूनच. आमच्याकडे मास्तर वर्गाबाहेर पडल्याशिवाय पोरांनी उठायचं नसतं, आणि हे ह्याच मॅडमनी ह्या पोरांना शिकवलेलं. पोरं कधी हिच्याकडे बघत, कधी तिच्याकडे. पुढच्या तासाचे सर येऊन माझ्याशेजारी उभे राहिले, त्यांनीही आत पाऊल टाकलं नाही.

मॅडमनी हळूच मान हलवली, जा म्हणून.

मंजुळानं हजेरीपट उचलला आणि बाहेर आली. माझ्याजवळून गेली तेव्हा तिचा सगळा चेहरा भिजलेला होता. ती दाराबाहेर पडली, मग बाकं सरकली, पोरं उठली. आणि पोरांबरोबर घारे मॅडमही उठल्या.